नानखटाईला चष्मा

भगिनींनो, बंधूंनो, सप्रेम जयभीम.

‘बंधूंनो’ हे आम्ही मुद्दाम लिहिले. स्वयंपाकाचे पान दिसले की आमचे बंधू ते उलटून थेट रिपब्लिकन ऐक्याच्या बातमीवर जातात. ऐक्य काही कुठे पळून जात नाही, गेली कित्येक वर्षे ते येतेच आहे. तोवर पीठ मळायला हात लावावा. मैदा-तूप एकजीव करायला मनगटात जोर लागतो, आणि घोषणा देताना वर जाणाऱ्या मुठी रिकाम्या ठेवण्यात अर्थ नाही.

विषय आहे बिस्किटांचा. साधी नाहीत, साखरेच्या रंगीत लेपाने सजवलेली. ख्रिसमसला छावणीतल्या ख्रिस्ती घरांत, मोठ्या केकवाल्यांच्या काचेत आणि हल्ली मुलांच्या मोबाईलवर ती दिसतात: तारे, झाडे, लाल टोपीवाले म्हातारे. ती पाहून मुले विचारतात, ‘आई, आपल्या जयंतीला अशी का नाहीत?’ प्रश्न लहान तोंडाचा आहे, पण घास मोठा आहे. आपल्या सणाला आपला गोड पदार्थ कोणता?

बुद्ध पौर्णिमेचे उत्तर सोपे आहे. सुजातेने खीर दिली, आपण खीर करतो. १४ एप्रिलला मात्र ज्याच्या त्याच्या घरचे निराळे. कुठे पुरणपोळी, कुठे बुंदी, चौकात सरबत. बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी साजरी केली. म्हणजे शंभरी दारात उभी आहे, आणि अजून जयंतीचा असा एक पदार्थ ठरलेला नाही. आम्हांला यात वाईट काही वाटत नाही. ठरलेला नाही म्हणजे ठरवायला मोकळीक आहे. बावीस प्रतिज्ञा घेताना जुने सण खाली ठेवले, तेव्हा हात रिकामे झाले नव्हते, मोकळे झाले होते.

गेल्या काही वर्षांत केकने मात्र फार जोर धरला आहे. मध्यरात्री बारा वाजता केक, त्यावर साखरेच्या कागदावर छापलेले बाबासाहेबांचे चित्र, आणि मग त्यावर सुरी. हे आम्हांला मुळीच आवडत नाही. ज्या चेहऱ्याला अभिवादन करायचे त्याच्या कपाळावरून सुरी फिरवायची, एकाने कानाचा तुकडा घ्यायचा, दुसऱ्याने टायचा, आणि उरलेली हनुवटी सकाळी पातेल्याखाली झाकलेली सापडायची, हा कसला आदर? हौस करणाऱ्या पोरांच्या मनात वाईट काही नसते हे आम्ही जाणतो. पण हौसेलाही डोळे असावेत. बिस्किटांवरही हाच नियम: चेहरा काढायचा नाही. मग काय काढायचे? सांगतो. पण आधी भट्टीकडे चला.

आपल्या शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात, जुन्या लोकांच्या तोंडी अजून औरंगाबादच, बेकरीच्या भट्टीवर आपले सामान नेऊन नानखटाई भाजून आणायची जुनी पद्धत आहे. मैदा, रवा, साखर, तूप घरून न्यायचे, मजुरी द्यायची, तासाभराने डबा भरून घरी. दिवाळी आणि रमजान ईदच्या आधी या भट्ट्यांवर पाय ठेवायला जागा नसते. एप्रिलमध्ये त्या मानाने शांतता असते. आमच्या ओळखीच्या एका घरातून गेल्या जयंतीच्या आधी दोन भगिनी कच्च्या बिस्किटांचे ताट घेऊन एका भट्टीवर गेल्या. बिस्किटे चष्म्याच्या आकाराची होती, दोन वाटोळे आणि मध्ये दांडी. भट्टीवरच्या चाचांनी ताट उजेडात धरले, एकदा पाहिले, परत पाहिले आणि म्हणाले, ‘नानखटाई को चष्मा कबसे लगा, बाई?’ त्यांना कारण सांगितले. चाचांनी मान डोलावली आणि सगळे ताट स्वतः आत सरकवले, पोऱ्याच्या हाती दिले नाही. चष्म्याची दांडी लवकर करपते, हे त्यांनीच पुढे सांगितले. ताट भट्टीच्या तोंडाशी ठेवावे, पोटात ढकलू नये.

आता कुणी म्हणेल, ही इंग्रजी थेरं आपल्याला कशाला? तर बिस्कीट हा पदार्थ दिसतो तितका गरीब नाही. पाव आणि बिस्कीट यांनी या महाराष्ट्रात भल्याभल्यांची झोप उडवली आहे. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग वगैरे मंडळींनी परमहंस सभा काढली. जात मानत नाही याची खूण म्हणून सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा असे. तोही गुपचूप, कारण बाहेर कळले तर घरचे दार बंद. सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक आदी प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी या गृहस्थांनी सगळ्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात असा काही गहजब झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेले. एका कपासाठी, एका बिस्किटासाठी!

ही अर्थात त्यांची घरची भांडणे होती. आपल्या आजा-पणज्यांना त्या कपबशीच्या सावलीतही कुणी उभे केले नसते. आपल्या लोकांना तर पाण्यासाठीच २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. पण एवढे ध्यानात ठेवा, की कोणी भाजले, कोणी दिले आणि कोणी खाल्ले, हे तीन प्रश्न या देशात कधीच नुसते स्वयंपाकघरातले नव्हते. म्हणून आपल्या हातचे, आपल्या खुणा असलेले बिस्कीट ताटलीत घालून शेजारी नेऊन देणे, हे आम्हांला लहान काम वाटत नाही.

बरे, आता पिठाकडे. पाव किलो मैदा, सव्वाशे ग्रॅम थिजलेले तूप किंवा डालडा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, आवडत असेल तर वेलदोडा. तूप-साखर आधी हाताने फेसावी, मग मैदा, आणि लागेल तसे दोन-तीन चमचे दूध. सोडा घालायचा नाही. नानखटाईला सोडा लागतो, कारण तिला फुलून भेगाळायचे असते. आपल्याला सपाट पाटी हवी आहे, तिच्यावर लिहायचे आहे. सोडा घातलात तर चष्म्याची काकडी होते. एवढ्या पिठात दोन इंची बिस्किटे साधारण तीस होतात. वस्तीतल्या तीनशे मुलांसाठी करायची तर अडीच किलो मैदा धरावा आणि बाकी त्याच हिशेबाने. पण मग घरात नको, भट्टीवरच न्यावीत.

मराठवाड्याचा एप्रिल म्हणजे चाळिशीचा पारा. तूप हातात वितळते आणि पोळी लाटताना पीठ लाटण्याला बिलगते. फ्रीज असेल तर गोळा अर्धा तास आत ठेवा. नसेल तर गोळा डब्यात घालून झाकण घट्ट लावा आणि डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बाजूला ठेवा, किंवा सरळ पहाटे पाचला लाटा. मिलच्या पाळीला जाणाऱ्या आपल्या आयांनी सगळी उस्तवार पहाटेच केली, तेव्हा यात नवे काही नाही.

भट्टी लांब असेल तर जाड बुडाची कढई घ्या, तिच्यात मिठाचा थर द्या, वर रिंग ठेवा, झाकण घाला आणि दहा-पंधरा मिनिटे तापू द्या. मग ताटलीला तूप लावून बिस्किटे ठेवा आणि मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे भाजा. कडा बदामी झाल्या की झाले. गरम असताना मऊ लागतात म्हणून ‘कच्ची राहिली’ असे समजून पुन्हा ठेवू नका, गार झाली की कडक होतात. कुकरमध्ये केलीत तर रबर आणि शिट्टी काढून ठेवायची. मीठ फेकू नका, डब्यात भरून ठेवा, पुढच्या खेपेला तेच चालते. बिस्किटे पुरती गार झाल्याशिवाय लेप लावायचा नाही. गरम बिस्किटावर साखर लावली की ती मोर्च्यातल्या गर्दीसारखी चारी वाटांनी पांगते.

लेप म्हणजे पिठीसाखर आणि पाणी, बस. दोनशे ग्रॅम पिठीसाखरेला साधारण दोन मोठे चमचे पाणी, तेही थेंबाथेंबाने. घरी मिक्सरवर दळलेली साखर असेल तर मलमलीतून चाळून घ्यावी. एक कण राहिला तरी तो कोनाच्या तोंडाशी जाऊन घेराव घालतो. परदेशात यात अंड्याचा कच्चा पांढरा बलक घालतात. आपल्या उन्हाळ्यात ते नको. लेप दोन प्रकारचा करायचा. काठाच्या रेघेसाठी घट्ट, आत भरण्यासाठी पातळ. पातळाची परीक्षा अशी, की वाटीत सुरीने रेघ ओढा आणि दहा अंक मोजा. दहाच्या आत रेघ पुसली गेली तर लेप बरोबर. तिनातच पुसली गेली तर साखर वाढवा, वीस झाले तरी उभीच असेल तर थेंबभर पाणी. आधी घट्ट लेपाने कुंपण घालायचे, ते सुकले की आत पातळ लेप सोडायचा आणि काडीने कोपऱ्यापर्यंत ढकलायचा.

आणि कोन? इथे आपल्या मुली परदेशच्या केकवाल्यांना हार जाणार नाहीत, कारण मेंदीचा कोन धरायला त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. तोच कागद, तीच गुंडाळी, तेच बारीक तोंड. फक्त आत हिरव्याऐवजी गोड. दुधाची रिकामी पिशवी गरम पाण्याने धुऊन, वाळवून, कोपरा सुईच्या टोकाएवढा कापला तरी काम होते. आमच्या पाहण्यातली एक मुलगी लग्नघरी मेंदी काढून शिक्षणाचा खर्च भागवते. तिच्या हाताने काढलेले चक्र पाहून आम्ही गप्पच झालो. रेघ सुरू कुठे झाली आणि संपली कुठे, ते दिसेना.

रंगाची गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. निळा रंग आपल्याला प्रिय, म्हणून कुणी कपड्याची नीळ, रांगोळीचा रंग किंवा पोस्टरचा रंग खाण्यात घालू नये. आपल्या देशात खाण्यात घालायला परवानगी असलेले कृत्रिम रंग आठच आहेत. त्यांतले निळे दोन, ब्रिलियंट ब्ल्यू आणि इंडिगो कारमाईन. बाटलीवर खाद्यरंग असे स्पष्ट लिहिलेले आणि परवाना क्रमांक छापलेला असेल तरच घ्या, सुट्या पुडीतला घेऊ नका. आणि काडीच्या टोकाला लागेल एवढाच घाला. भडक निळ्यासाठी अर्धी बाटली ओतलीत तर खाणाऱ्याची जीभ, ओठ आणि दात तिन्ही निळे होतील. मुलांना त्याचा आनंद होतो खरा, जीभ काढून एकमेकांना दाखवतात आणि ‘मी पक्का कार्यकर्ता’ म्हणतात. पण निष्ठेची परीक्षा जिभेच्या रंगावर घेण्याची गरज नाही. मोठ्यांच्या बाबतीत ती पद्धत आधीच फार बोकाळली आहे.

ज्यांना बाटली नकोच त्यांच्यासाठी गोकर्ण आहे. कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाची दहा-बारा फुले धुऊन पाव कप गरम पाण्यात टाका आणि झाकून ठेवा. पाणी गर्द निळे होते. त्या पाण्यात साखर भिजवली की फिकट आभाळी लेप मिळतो. झेंड्याएवढा गडद होत नाही, पण डोळ्याला फार गोड. फक्त त्यात लिंबू पिळू नका. लिंबाचा थेंब पडला की गोकर्णाचा निळा बघता बघता जांभळा होतो. मुलांना हा चमत्कार जरूर दाखवा, आणि तो चमत्कार नाही, आंबटपणाने फुलातला रंग बदलतो, हेही त्याच वेळी सांगा. अंगारे-धुपारे करणारे बाबा असल्याच युक्त्यांवर पोट भरतात.

आणखी एक बारकावा. लेपात तूप किंवा लोणी घालू नका. त्याच्या पिवळेपणात निळा मिसळला की हिरवट होतो, आणि मग येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ‘यंदा युती कुणाशी?’

आता आकार. साचे विकत घ्यायची गरज नाही. पत्र्याचे काम करणाऱ्याकडून पट्टी वाकवून आणावी किंवा पुठ्ठ्याचा नमुना पोळीवर ठेवून सुरीने कापावे. चष्म्याचे सांगितलेच, दोन लहान वाट्यांनी होतो. पेन सर्वांत सोपे. बाबासाहेबांना फाउंटन पेनांची आवड होती हे मुलांना सांगत सांगत टोकाला निळा थेंब सोडावा. उघडे पुस्तक. कोटाचे बिस्कीट, त्यावर तीन गुंड्या. आणि पापड! तो तर नुसता गोल, वर तपकिरी ठिपके. लंडनला शिकत असताना बाबासाहेब अर्धपोटी राहून रात्र रात्र वाचत आणि भूक असह्य झाली की पापड भाजून खात. आपल्या घरातले जे मूल पहिल्या घासाला ‘मला हे नको, ते हवे’ म्हणते, त्याला हे पापडाचे बिस्कीट द्यावे आणि गोष्ट सांगावी. गोष्ट संपेपर्यंत बिस्कीट संपते.

संविधानाचे बिस्कीट चौकोनी, निळे, पांढऱ्या काठाचे. एका घरात मुलीने त्यावर ‘१७’ एवढेच लिहिले होते. सतरावे कलम, अस्पृश्यता नष्ट केल्याचे. तिच्या मामाने ते उचलले तसे ती ओरडली, ‘मामा, खाल्ले तरी चालेल, मोडायचे नाही!’ मामा वकील आहेत. त्यांनी अख्खे तोंडात घातले आणि पुढची पाच मिनिटे त्यांना युक्तिवाद करता आला नाही.

हत्ती काढायचा तर सोंड आखूड ठेवा. भाजताना पहिल्यांदा सोंड मोडते. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते हे जुन्यांना ठाऊक आहे. नंतरच्यांना दुसरा पक्ष आठवेल. निवडणुकीच्या दिवसांत हत्तीची बिस्किटे वाटली तर आचारसंहितेत बसतात का, ते वरच्या मामांना विचारावे.

पिंपळपानाला साचाच नको. झाडाचे कोवळे पान धुऊन पुसून, मागची शिरांची बाजू पिठावर ठेवा, वरून हलके लाटणे फिरवा आणि कडेने सुरीने कापा. शिरान्‌शिर उमटते. लेपसुद्धा लावू नये इतके ते देखणे दिसते. फक्त टोकाचे लांब शेपूट अर्धे कापा, नाहीतर डब्यात सगळी शेपटेच उरतात.

चक्राबाबत दोन शब्द. झेंड्यावरच्या अशोकचक्राला चोवीस आरे, धम्मचक्राला आठ. दोन इंची बिस्किटावर चोवीस आऱ्यांचा हट्ट धरलात तर कोळ्याचे जाळे होते. आठच काढा. आधी अधिक चिन्ह, मग गुणिले चिन्ह, झाले आठ. पंचरंगी धम्मध्वज काढायचा तर क्रम ध्यानात ठेवा: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि शेवटच्या पट्टीत हेच पाचही रंग आडवे. हा ध्वज १८८५ साली कोलंबोत पहिल्यांदा फडकला. पाच रंग म्हणजे पाच कोन, आणि पाच कोन म्हणजे पाच मुले गप्प बसतात.

यावर एका आजींनी आम्हांला हटकले. ‘बाई, चक्र खायचं? पिंपळाचं पान खायचं? उद्या म्हणाल भगवंताची मूर्ती खा.’ आजींचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. मूर्ती आणि चेहरा नाहीच, हे वर सांगितले. बाकीचे ज्या त्या घराने ठरवावे. पण आजींना आम्ही अजिंठ्याची आठवण दिली. तिथली नऊ आणि दहा क्रमांकाची लेणी फार जुनी, इसवी सनाच्या आधीची. ती खोदली गेली तेव्हा त्यांत मूर्ती नव्हती, पूजेला स्तूप होता. भरहूत आणि सांचीच्या कारागिरांनीही तथागतांची आकृती न काढता झाड, चक्र, पावले आणि रिकामे आसन यांनी सगळे सांगितले. चेहऱ्याशिवाय गोष्ट सांगायची ही आपली परंपरा दोन हजार वर्षांची आहे. आजी थोडा वेळ विचार करीत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग स्तूप करा. डोक्यावर छत्री विसरू नका.’ स्तूपाचे बिस्कीट त्यांच्यामुळे निघाले. अर्धी वाटी, खाली पाट, वर छत्री. बुद्ध पौर्णिमेला खिरीच्या वाटीशेजारी ते शोभून दिसते. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला रस्त्यारस्त्यांत दानसल मांडतात, म्हणजे येईल त्याला फुकट अन्न आणि सरबत. जपानात ८ एप्रिलला बालबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा घालतात. तेव्हा गोडाचे आणि धम्माचे काही वाकडे नाही.

वाकडे आहे ते दिवस न ओळखण्याचे. ६ डिसेंबरला कोन हातात धरू नये, एवढे सांगायला नको. पण १४ जानेवारीचे सांगतो, कारण तिथे आपल्या घरांत गोंधळ होतो. त्या दिवशी शेजारी तिळगूळ आणि हलव्याचे दागिने असतात, आणि आपण विद्यापीठाच्या कमानीकडे निघालेलो असतो. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि विद्यापीठावर बाबासाहेबांचे नाव लागले. ठराव झाला होता २७ जुलै १९७८ ला. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरे जळाली, पोचीराम कांबळ्यांपासून गौतम वाघमाऱ्यांपर्यंत माणसे गेली. हा दिवस विजयाचा आहे, पण त्यात राखही मिसळलेली आहे. म्हणून त्या दिवशी आम्ही रंग लावीत नाही. पिठात भाजलेले तीळ घालतो, कमानीचा आकार कापतो आणि तसेच ठेवतो. थंडीत तीळ अंगालाही बरे, आणि शेजारणीला देताना ‘घ्या, आमच्याही घरी तीळच आहेत’ असे म्हणता येते. विचारलेच तिने कमान कशाची, तर मग बसून सांगावे.

७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. १९०० साली याच तारखेला भिवा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. शाळेच्या पटावर त्याचा क्रमांक १९१४ होता. पाटीच्या आकाराचे बिस्कीट, त्यावर कोको पावडर कालवलेला काळपट लेप, आणि पांढऱ्या कोनाने ‘१९१४’. शाळेत वाटायला याच्यासारखे दुसरे नाही, कारण प्रत्येक मूल हा आकडा कशाचा म्हणून विचारतेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवाही कोरडी असते, लेप रात्रीत खडखडीत वाळतो. वर्षावासाच्या दिवसांत मात्र हा उद्योग करू नका, पावसाळी हवेत साखरेला घाम फुटतो.

आणि सगळेच काही इतके गंभीर असायला नको. वाळूजच्या एका कामगार बंधूंच्या सेवानिवृत्तीला त्यांच्या सुनेने नट-बोल्टची बिस्किटे केली. पाहुण्यांनी पान्हा मागितला. बारशाला झबली करा, दहावी पास झालेल्याला त्याच्या टक्क्यांचे आकडे करा. टक्के कमी असतील तर आकडा जरा मोठा कापावा, खाताना तरी भरल्यासारखे वाटते.

आता वाटण्याविषयी. एक वाचक भगिनी एका कार्यालयात काम करते. नाव-गाव सांगत नाही. दर वर्षी १५ एप्रिलला ती डबा नेते. पहिल्या वर्षी लाडू नेले होते. काहींनी आनंदाने खाल्ले, एका बाई म्हणाल्या, ‘आज उपास आहे.’ तो कसला वार होता हे तिला ठाऊक होते. त्याच बाईंनी दुपारी सामोसा खाल्ला, तेही तिने पाहिले. बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने चष्म्याची बिस्किटे नेली. डबा उघडताच हशा पिकला, नव्याने लागलेल्या पोराने एक डोळ्यांना लावून फोटो काढला, साहेबांनी दोन मागून घेतली, कुणी रीत विचारली, कुणी चष्माच का म्हणून विचारले आणि तिने सांगितले. त्या बाईंनी मात्र बिस्कीट कागदात गुंडाळले आणि म्हणाल्या, ‘घरी नेते.’ तो कागद घरी जातो की वाटेत, हे आमच्या भगिनीला माहीत नाही. आम्ही तिला म्हटले, मग सोड ना त्यांना देणे. ती म्हणाली, ‘का म्हणून? मी मोजून नेते. त्यांच्या नावाचे एक त्यात असते.’ या वर्षीही नेणार आहे. दांडी जाड केली आहे, कागदात मोडू नये म्हणून.

शेवटी मुंग्यांचे. लेप वाळायला सहा-आठ तास तरी लागतात, आणि एप्रिलच्या रात्री मुंग्यांना वास आला की त्यांचा लाँग मार्च निघतो. एका घरात सकाळी उठून पाहतात तो निळ्या चक्राला चोवीसच काय, शेकडो आरे, आणि सगळे चालते. ताटे टेबलावर ठेवा आणि टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. वर पातळ कापड असे धरा की लेपाला टेकणार नाही. पंखा चालेल, ऊन नको. वाळल्यावर पत्र्याच्या डब्यात कागदाचा एकेक थर देऊन रचावीत, आठवडाभर छान राहतात. मोडलेले चष्मे, आखूड सोंडा, पिंपळाची शेपटे वेगळ्या डब्यात घालावीत. ती वाटायची नाहीत. ज्यांनी पीठ मळले त्यांच्या चहाबरोबरची ती आहेत.